सहीसाठी कळंबला

शनिवारी सकाळच्या एसटीनं खोपोली सोडली तेव्हा पिशवीत महत्त्वाचा कागद एकच होता: योगिताचा परीक्षेचा फॉर्म. मीच भरलेला. सहीची जागा कोरी. सोमवारपर्यंत तो कार्यालयात गेला नाही तर तिचं पहिलं वर्ष गेलं. आणि वाडीवरच्या मुलीचं एकदा गेलेलं वर्ष परत येत नाही, हे कळायला पदवी लागत नाही.

योगिता वसतिगृहात माझ्या खोलीत होती. मी आपल्या जतची, ती कळंबच्या वर डोंगराला टेकलेल्या ठाकरवाडीची. दोघी नव्या. इंग्रजीतलं वेळापत्रक दोघींनाही कळत नव्हतं. मी त्यावर निवेदन दिलं. तिनं ते वेळापत्रकच चार वेळा वाचून पाठ केलं.

मेस रविवारी बंद असायची. योगिता त्या दिवशी पाणी पिऊन झोपायची. मला संताप आला आणि मी पत्रक लिहिलं: ‘डोंगरातल्या वाडीची लेक दर रविवारी उपाशी! जबाबदार कोण?’ तिला विचारलं नाही. नावही छापलं नाही, पण आमच्या वसतिगृहात अशी लेक एकच होती. मेस रविवारी सुरू झाली. आम्ही घोषणा दिल्या. आणि जिन्यात, वर्गात, नळावर जो तो तिला विचारू लागला, "काय गं, जेवलीस का?" तिसऱ्या दिवशी तिची कॉट रिकामी होती.

कर्जतला उतरून मिनीडोर (आपल्याकडची वडाप, माणसं भरून नेणारी गाडी) धरली. कडाव मागे पडलं. भात कधीच कापून झालेलं, शेतं भुंडी, आणि मधे मधे काळे चौकोन. शेजारच्या मावशींना विचारलं, तर हसल्या. "राब गं तो. शेण, पाला, गवत पसरून जमीन भाजायची. मंग त्यात भाताचं रोप. तुमच्याकडं नाय?" आमच्याकडे ज्वारी, म्हटलं. "मंग तुला नाय कळायचं," त्या म्हणाल्या.

कळंबच्या पुढे चुकीच्या फाट्यावर उतरले. समोर रिसॉर्टचं गेट. वाट विचारायच्या आधीच वॉचमन म्हणाला, "कामाला ना? मागच्या गेटनं जा." मी त्याला चार शब्द सुनावले. त्यानं ऐकून घेतले आणि वाडीची पायवाट दाखवली.

योगिता आणि तिची आई वाडीखालच्या तुकड्यात होत्या. पाला पसरून वर माती भुरभुरलेली, पेटवायचीच बाकी. महिनाभर डोक्यावरून टहाळ (झाडांच्या छाटलेल्या फांद्या) वाहून आणलेला. मला पाहून योगिता हसली नाही. आई म्हणाली, "ये बाय, बस सावलीला." मी कसली बसते! मदत केली की बोलणं सोपं होईल असं वाटलं. "मी लावते," म्हणत पेटती काडी घेतली आणि हाताशी आलेल्या कडेला टेकवली.

भडका उठला. वाऱ्यानं तो बघता बघता पलीकडच्या बांधापर्यंत नेला. मी खूश होते.

"अगं, वाऱ्याच्या पाठीनं लावलीस!" आई ओरडली. दोघी फांद्या घेऊन धावल्या, पण अर्धा तुकडा गेला होता. योगितानं राख बाजूला करून मातीत बोट घातलं. "थंड हाय. वरचा पाला तेवढा जळला. वाऱ्याच्या समोरनं लावायची असती, म्हंजे आग हळूहळू जाती, माती भाजती."

"मला माहीत नव्हतं गं."

"इचारायचं."

आई कोयता उचलून पुन्हा टहाळ तोडायला निघाली.

बांधावर बसून मी फॉर्म काढला. म्हटलं, आता मेस रविवारीही चालू आहे, तू उपाशी राहणार नाहीस.

"आयला वाचाया येत नाय," योगिता म्हणाली. "तुझं पत्रक तिनं माज्याकडनं वाचून घेतलं. उपाशी म्हणलं तशी उठून आत गेली. दर शनवारी टेंपोवाल्याकडं भाकरी नि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) धाडायची ती. रविवारची."

"मग खायची का नाहीस?"

"पयल्या महिन्यात उघडला की डबा. तू नाकाला ओढणी लावलीस. म्हणालीस, खिडकी उघड गं. मंग नाय उघडला परत. सोमवारी कुत्र्याला घालायची."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. आमच्या घरात मासळी येत नाही, एवढंच तोंडाशी आलं. ते गिळलं.

तिनं फॉर्म घेतला, नेहमीसारखा ओळ न् ओळ वाचला. एका चौकटीवर बोट ठेवलं. "आयचं नाव रिकामं हाय."

मला ते नाव माहीतच नव्हतं.

तिनं कागद नीट घडी घालून माझ्या हातात दिला. "सोमवारपासनं रिसॉर्टवर लागते. चादरी बदलायला."

"योगिता, एक सही कर. बाकीचं मी बघते."

"तू नको बघूस," ती म्हणाली. रागानं नाही. दमून.

निघताना आईनं फडक्यात भाकरी आणि सुकट बांधून दिली. "वाटंत खा गं. उपाशी जाऊ नको." तेव्हा मी तिला नाव विचारलं. सखू, म्हणाली.

संध्याकाळी खोलीत पोचले. कपड्यांना रा‍बाचा धूर, पिशवीत सुकट. योगिताच्या कॉटवर आलेली नवी मुलगी पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "ईऽ, कसला वास येतोय! खिडकी उघड ना गं."

तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं. माझ्याही नसणार. मेसच्या विरुद्ध पत्रक एका बैठकीत लिहिलं होतं मी. याच्या विरुद्ध कसं लिहायचं ते मला येत नाही.