इब्राला ससाणा सोडताना

रेवा जूनमध्ये इथून, आखातातून, पुण्याला कॉलेजला जाणार हे ठरलं आणि मला घरात चैन पडेना. एकुलती एक पोर! तेवढ्यात नवऱ्याच्या ऑफिसातला सलीम म्हणाला, "भाभी, शुक्रवारी आमच्या गावी, इब्राला या. बाबा ससाणा सोडणार आहेत." नवरा कुरकुरला, "पक्षी बघायला दोन तास गाडी हाकायची?" मी म्हटलं, "यल्ला, चला की! तिघं मिळून पुन्हा कधी जाणार आहोत?"

तुम्ही जाणार असाल तर आमच्यासारखं इथून, कुरुमहून, पहाटेच निघा. रस्ता झकास आहे, पण मार्च संपत आला की दहानंतर ऊन नुसतं भाजून काढतं. वाटेत पेट्रोल पंपावर दाट, कडक करक चहा आणि पराठा मिळतो, तिघांचं स्वस्तात भागतं. रेवा मागे कानात हेडफोन घालून बसलेली. मी आपली सारखी वळून तिच्याकडे बघत होते.

सलीमचे वडील खजुराच्या बागेत बसले होते, हातमोज्यावर ससाण्याची मादी. हिवाळ्याआधी पक्षी धरायचा, शिकारीला तयार करायचा आणि उन्हाळा लागण्याआधी सोडून द्यायचा, ही त्यांची जुनी रीत. आता फार थोडे लोक पाळतात म्हणे. आमच्यापुढे कहवा आणि खजूर आले.

रेवाने विचारलं, "अंकल, एरवी उडवल्यावर ती परत का येते?"

सलीमने वडिलांचं उत्तर हिंदीत सांगितलं. "भुकेपोटी. शिकारीच्या दिवसांत तिला थोडं उपाशी ठेवतात. आता मात्र बाबा तिला रोज पोटभर खाऊ घालतायत."

"का?"

"लांब जायला ताकद हवी. आणि परत यावंसं वाटू नये."

मी हातातला खजूर परत ताटलीत ठेवला.

म्हातारबांनी तिच्या पायांतल्या वाद्या कापल्या, डोळ्यांवरची टोपी काढली. ती उडाली, बागेवर एक घिरटी घातली. म्हातारबांचा हातमोजा अजून वरच. "खलास, बाबा, झालं आता," सलीम हळूच म्हणाला. तरी त्यांनी एकदा हाक मारलीच. ती वळली नाही. मग डोळे पुसून त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं आणि परातीतले मटणाचे चांगले तुकडे रेवाच्या बाजूला सरकवत राहिले.

रेवाला जाऊन आता बरेच दिवस झालेत. घर खायला उठतं. काल फोनवर विचारलं, "मेसचं जेवण कसं आहे गं?"

"मस्त आहे, आई! अगदी घरच्यासारखं. पोटभर जेवते."

"बरं झालं बाई," मी म्हटलं. खरं सांगू? वाईट आहे म्हणाली असती तर किती बरं वाटलं असतं मला.