परग्रहावरचा उपास

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सव्वीस वर्षं काम करतोय. भरलेली गाडी किती, रिकामी किती, मधला फरक म्हणजे ऊस. या सवयीनं घरीही माझं काही ना काही मोजणं चालू असतं. गेल्या वर्षी मुलीनं टीव्हीवर परग्रहांची एक मालिका लावून दिली, हिंदीत डब केलेली. सोनईच्या घरात आता मी आणि बायको, दोघंच. रोज जेवण झालं की एक भाग बघायचो. एकूण बावीस भाग. त्यातल्या चौदा भागांत कुठल्यातरी ग्रहावरच्या लोकांचा देव, व्रत नाहीतर शाप होता. नऊ वेळा तो देव शेवटी यंत्र निघाला. हे सगळं मी वहीत मांडत होतो.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर बायकोच्या रक्तातल्या साखरेचे आकडे होते. तीन वर्षांपूर्वी घोडेगावजवळ मोटारसायकलवरून पडून मी अकरा दिवस दवाखान्यात होतो. तेव्हा तिनं माझ्यासाठी शनिवार धरला, जन्मभराचा. दिवसभर नुसतं पाणी, जेवण दिवस मावळल्यावर. पुढं तिला मधुमेहाची गोळी सुरू झाली, पण उपास सुटला नाही. चार शनिवारी दुपारी मोजलं, तर एकसष्ट, अठ्ठावन्न, त्रेसष्ट, चोपन्न. चौथ्या वेळी ती घामाघूम होऊन ओट्यापाशी खाली बसली. साखरेचं पाणी पाजल्यावर सावरली. गोळी घेऊन उपाशी राहिलात तर एखाद्या दिवशी शुद्ध जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

मी वही तिच्यापुढं धरली. म्हटलं, "मी वाचलो तो हेल्मेटमुळं आणि तीन बाटल्या रक्तामुळं."

"हेल्मेट घालायची बुद्धी कुनी दिली?"

"अगं, चोपन्न आलेत. चोपन्न!"

"आकडे तुमचे, उपास माझा," म्हणत ती भांडी घासायला गेली.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, सतरावा भाग लागला. एका ग्रहावर दोन सूर्य. दोन्ही मावळेपर्यंत कुणी पाणी शिवायचं नाही, असा त्यांचा नेम. एक मुलगी तापानं फणफणलेली. यानातला डॉक्टर यंत्र दाखवतो, वाद घालतो, त्यांच्या म्हाताऱ्या पुजारणीला अडाणी ठरवतो आणि शेवटी सगळ्यांची नजर चुकवून मुलीला औषध पाजतो. मुलगी बरी होते आणि यान उडून जातं.

मला डॉक्टरचं पटलं. बायकोला नाही.

"ह्यो गेला उडून. उद्या त्या पोरीला तिथं जवळ कोन करनार?"

"मग मरू द्यायची होती?"

"त्या म्हातारीला इचारायचं हुतं ना, आजारी मानसानं काय करायचं म्हनून! त्यांच्यात काय ही पहिलीच आजारी पडली? नेम करनारी मानसं नेमातली वाट बी करून ठेवत्यात."

मी वही उघडली. तोवर देव-व्रताचे जेवढे भाग झाले होते, त्या सगळ्यांत यानातल्या पाहुण्यांनी देव खोटा ठरवला होता, नाहीतर हात जोडून निघून गेले होते. हा प्रश्न एकानंही विचारला नव्हता. मग लक्षात आलं की मीसुद्धा विचारलेला नाही.

"मग तुझ्या शनिवारात काय वाट हाय?" मी विचारलं.

तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला. "घरातल्या दुसऱ्यानं धरला तर चालतो. तुमच्या आईच सांगायच्या. त्यांच्या बाळंतपनात मामंजींनी दोन म्हैने धरला हुता."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी वही दाखवत हुता." मग हसून म्हणाली, "आन तुमाला सांगून काय उपेग? तुमचा तर देवावर इश्वास न्हाई."

"पोटाला काय माहीत इश्वास हाय का न्हाई? मी धरतो."

शनिवारी सकाळी काट्यावर गेलो. दहाच्या सुमारास रोजच्यासारखा चहा आला आणि मी तो पिऊन टाकला. कप खाली ठेवल्यावर आठवलं. न सांगता चाललं असतं, पण मोजमापात मला लबाडी जमत नाही. दुपारी घरी येऊन सांगितलं.

"पहिल्याच दिवशी मोडला?" ती भाकरी खात होती. साखर मोजायच्या यंत्रावर तिचा आकडा एकशे अठरा आला होता.

"आता काय?"

"चुकून झालं तर माफी असती. पाय धुवा, दिव्यापुढं हात जोडा, आन दिवस मावळंपर्यंत निस्तं पानी."

"ही बी वाट आईनंच सांगितली का?"

"व्हय. त्यांचा बी चहा सुटत नव्हता."

मी पाय धुतले, हात जोडले.

तेव्हापासून एकतीस शनिवार झाले. तिचा दुपारचा आकडा एकदाही शंभराखाली आला नाही. हेल्मेटबद्दल माझं मत तेच आहे आणि ती ते बदलायला जात नाही. शनिवारी भाकरी मात्र ती माझ्यासमोरच बसून, सावकाश खाते.