सुजाताच्या वाटचं तुरोन

मंडळी, मी ग्रुपवर फारसं लिहीत नाही, पण आज सकाळचं सांगावंसं वाटलं.

माझी बायको सुजाता गेल्यापासून एक गोष्ट मनाला लागून होती. तिचं पान वाढायचं राहून गेलं होतं. मला स्वयंपाक येत नाही, आणि विकतचं वाढायला मन होईना.

आज बऱ्याच दिवसांनी आमच्या इथल्या चँडलर शहरातल्या शनिवारच्या बाजारात गेलो. तिथे लिंडाताई या फिलिपिनो बाईंचा स्टॉल आहे. त्यांचं तुरोन सुजाताला फार आवडायचं. केळं आणि फणसाचा गरा पातळ पारीत गुंडाळून, साखर घालून खरपूस तळतात.

"एकटाच? बॉसने सुट्टी दिली वाटतं!" त्या हसून म्हणाल्या. सुजाताला त्या बॉसच म्हणायच्या.

सुजाता गेल्याचं मी सांगितलं. मग कढईतलं पहिलं तुरोन त्यांनी बशीत काढून समोर ठेवलं. मला वाटलं माझंच, म्हणून हात पुढे केला.

"थांब, हे तिचं. आमच्याकडे गेलेल्या माणसाला आधी वाढतात. तुझं नंतर. आणि तिचं जास्त कुरकुरीत केलंय, नाहीतर भांडेल माझ्याशी."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. त्या बशीला मी तिथेच नमस्कार केला. मग माझं तुरोन खाल्लं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी गोड लागलं.

लिंडाताईंना नीट थँक यूसुद्धा म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

तुमच्या माणसाच्या पानात तुम्ही आधी काय वाढता?