हत्ती न काढता

माझे सासरे कागलला असतात. ऊस, दोन म्हशी आणि बुद्धिबळ, एवढ्यावर त्यांचं मजेत चाललेलं आहे. मी राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो आणि रविवारी बायकोबरोबर कागलला जाऊन हरून येतो. लग्न झाल्यापासून हाच क्रम. हरण्याचं मला फारसं दुःख नव्हतं. राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. पट मांडून झाला, की सासरे स्वतःचा एक हत्ती उचलून बाजूला ठेवायचे. जावयाला सवलत! पंगतीत जावयाच्या ताटात जास्तीचं तूप ओततात, त्याच मायेनं ते करायचे, पण माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी एकदा तोंड उघडलं. हत्ती ठेवून खेळा, म्हणालो. त्यांनी माझ्याकडं न बघताच उत्तर दिलं, "ह्यो हत्ती नसताना एक डाव मारून दावा की आधी. मग ठिवतो."

झालं, मी इरेला पेटलो. दवाखान्यात पेशंट नसला की मोबाईलवर खेळायचं, शिकवणीचे व्हिडिओ बघायचे. माझा दोष मला ठाऊक होता. डोकं विचाराला लागायच्या आत हात मोहऱ्यावर गेलेला असतो. दिवसभर लोकांना "हलू नका, श्वास धरा" म्हणून दटावणारा मी, पटासमोर दोन मिनिटं गप्प बसत नाही. त्यात सासऱ्यांच्या सोप्यात नियम कडक, ज्या मोहऱ्याला हात लागला तो हलवायचाच. व्हिडिओतला माणूस सांगायचा, शिवायच्या आधी तीन चाली शोधा आणि प्रत्येकीला विचारा, यावर समोरचा काय करील? म्हणून मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लागलो. बायको येता-जाता बघून हसायची.

त्या रविवारी डाव निम्म्यावर आला आणि मी पुरता कोंडीत सापडलो. सासऱ्यांचा वजीर एक प्यादं खाऊन थेट माझ्या गोटात घुसला होता, जोडीला घोडा. पुढच्या दोन चालींत मात, हे मलासुद्धा दिसत होतं. हात मांडीखाली घातले आणि चाली शोधायला लागलो.

पहिली, वजिरानं त्यांचा उंट मारायचा. तोंडाला पाणी सुटेल अशी चाल. पण तो मारला की त्यांचा घोडा एकाच उडीत राजाला शह देणार आणि वजीरही धरणार. दुसरी, माझा घोडा माघारी आणून राजाची राखण करायची. ठीक होतं, पण एक प्यादं पुढं सरकवून ते त्याला हुसकावून लावणार. तिसरी, हत्तीला हत्ती भिडवायचा. मारामारी झाली असती, मात मात्र तिथंच राहिली असती. तिन्ही चाली संपल्या. सासऱ्यांनी निवांत तंबाखू मळायला घेतली, ते बघून तर माझं डोकंच फिरलं. मागचा रविवार असता, तर चिडून उंट मारून मोकळा झालो असतो. पण हात खाली दाबलेले होते.

तसंच बसून राजाकडं बघताना आठवलं. मोबाईलवरच्या खेळात राजाला किल्ल्यात नेतात. सासऱ्यांच्या देशी खेळात किल्ला नाही. तिथं राजाला अख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. अट एवढीच, की त्याआधी राजाला एकदाही शह बसलेला नसावा. म्हणून मुरलेले गडी आधी उगाचच एक शह देऊन समोरच्याची ती उडी बाद करून टाकतात. माझ्या बाबतीत सासऱ्यांनी तेवढेही कष्ट घेतले नव्हते. इतक्या वर्षांत मी ती उडी कधी मारलीच नव्हती, मग ते तरी कशाला घेतील?

चौथी चाल. यावर ते काय करतील? तीनदा विचारलं. मग हात बाहेर काढला आणि राजा उडवला. तो हलताच मागच्या माझ्या हत्तीची रांग मोकळी झाली आणि त्यांच्या वजिराची परतीची वाट तुटली.

सासऱ्यांची तंबाखू हातातच राहिली. दोन चालींनी वजीर पडला. तासाभरानं डाव संपला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उडी ध्येनातच न्हवती माझ्या." मला तर सोप्यातच नाचावंसं वाटत होतं. जावईपण आडवं आलं.

त्यांनी पट पुन्हा मांडला. दोन्ही हत्ती आपापल्या कोपऱ्यात. पाचव्या चालीलाच त्यांनी शह देऊन माझी उडी बाद करून टाकली आणि अर्ध्या तासात माझा पार चेंदा केला. एवढा मार खाऊन मी मात्र हसत होतो. सासरे मोहरे पिशवीत भरत माझ्याकडं बघत राहिले.

"आता खरं हरलासा, पावणं," ते म्हणाले.