माया किती इंच?

कुमुदकाकू माणसाची ओळख करून घेण्याआधी त्याच्या कपड्याची कड उलटून बघत. अमेरिकेत वेस्ट विंडसरला, मराठी मंडळाच्या गणपतीत मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा प्रसादाची प्लेट घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्या नव्या ब्लेझरची बाही धरली, आतून पाहिली आणि म्हणाल्या, "माया अजिबात नाही. तू कुठला?"

मी नागपूरचा, असं सांगितलं. आमच्या गावाबद्दल इतक्या लवकर इतकं वाईट मत कुणी दिलं नव्हतं.

शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस अंगाने सुटला की शिवण उसवायची आणि तेवढा कपडा वाढवायचा. हे त्यांनीच मला प्रसाद संपेपर्यंत समजावलं. "तू सुटतोयस, आणि तुझ्या कोटाला त्याची काही तयारीच नाही," असंही वर सांगितलं. कोट मी फक्त दोनदा घातला होता. तिसऱ्यांदा त्याचं बटण लागलं नाही.

काकू मिरजेच्या. शिवणकामाचा डिप्लोमा घेतला आणि लग्न होऊन इंजिनियर नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या. इथे तीस वर्षं त्या मॉलमधल्या एका मोठ्या दुकानाच्या ऑल्टरेशन विभागात, खिडकी नसलेल्या खोलीत बसल्या. लोकांच्या बेलबॉटम पँटी त्यांनी अरुंद करून दिल्या. जाकिटांच्या खांद्यांत गाद्या भरल्या आणि काही वर्षांनी त्याच लोकांसाठी त्याच गाद्या काढल्या. "कंबर वर नेतात, खाली नेतात, परत आणून तिथेच ठेवतात," त्या म्हणत. "माणसाची कंबर आपली जिथल्या तिथे."

काका गेल्यावर त्या जवळच्याच गावातल्या एका लहानशा म्युझियममध्ये व्हॉलंटिअर म्हणून जाऊ लागल्या. जुनं लाकडी घर, आणि वरच्या मजल्यावर दोन-अडीचशे वर्षांचे कपडे. हायवेवर ड्राइव्ह करणं त्यांनी सोडलं होतं, म्हणून शनिवारी मी त्यांना नेत असे. मला कुणी विचारलं नव्हतं. "शनिवारी दहाला ये," एवढं सांगण्यात आलं होतं.

तिथे आलेल्या लोकांना त्या कपडे दाखवत, ते ऐकण्यासारखं असे. पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या रेशमी विजारी आणि उंच टाचांचे बूट दाखवून त्या म्हणत, "आधी हेच नटायचे. मग एकदा काळा कोट घातला आणि काढायचं विसरले." तारांच्या पिंजऱ्यावर पसरलेल्या घागऱ्यापाशी त्या थांबत आणि दाराची रुंदी टेपने मोजून दाखवत. बरगड्या आवळणाऱ्या कॉर्सेटपुढे मात्र काही बोलत नसत. त्यांनी तो एकदा घालून पाहिला होता, असं मला नंतर कळलं.

प्रत्येक कपड्याचा एक फॉर्म असे. त्यावर काकू शेवटी लिहीत, "माया दोन इंच" किंवा "नो माया". संचालिका लिंडा हे फॉर्म वर्षभर मोठ्या आदराने वाचत होती. माया म्हणजे जगाचा भास, हे तिने योगाच्या क्लासमध्ये ऐकलं होतं. एकेका झग्यात हा भास किती आहे ते काकूंना नेमका कसा कळतो, एवढंच तिला उमगत नव्हतं. विचारणं तिला बरं वाटलं नाही.

मग जागा कमी पडू लागली आणि विश्वस्तांनी बारा कपडे काढून टाकायचं ठरवलं. त्यांत एक तपकिरी लोकरी झगा होता. कुणाचा होता ते माहीत नव्हतं. शेवटचा निर्णय घ्यायच्या मीटिंगच्या दिवशी, गाडी सुरू करण्याआधीच काकूंनी त्याचा फॉर्म माझ्यापुढे धरला.

"वाच. डॅमेजच्या खाली काय छापलंय?"

मी वाचलं. कसर, डाग, ऑल्टरेशन. तिसऱ्यावर विश्वस्तांपैकी कुणीतरी खूण केली होती.

"म्हणजे मी तीस वर्षं डॅमेज केलं," काकू म्हणाल्या. फॉर्म परत घेऊन त्यांनी पर्समध्ये टेप आहे ना ते पाहिलं.

मीटिंगमध्ये लिंडाने पाच विश्वस्तांना काकूंची ओळख करून दिली. कुमुदच्या परंपरेत वस्त्र हा केवळ भास मानतात, असं ती हात जोडून म्हणाली. विश्वस्तांनी माना हलवल्या.

"नो, लिंडा," काकू म्हणाल्या. "माया इज इनसाइड. यू कॅन मेजर इट."

त्यांनी हातमोजे चढवले, झगा टेबलावर उलटा पसरला आणि टेप काढली. पुढचं त्या इंग्रजीत बोलल्या, पण मला सगळं मराठीतच आठवतं.

"ही पहिली शिवण. मुलगी बारीक होती. ही जुन्या टिपेची रेघ बघा, इथून अर्धा इंच सोडलाय, पोटावर. मूल झालं. पुन्हा अर्धा. दुसरं झालं. त्या काळी बायका पाठीमागे कापडाचा मोठा फुगा ठेवायच्या. ती फॅशन गेली आणि दंडावर फुगे आले. हिने मागचं कापड काढून बाह्यांना लावलं. नवीन काही घेतलं नाही. मग फुगेच गेले. बाही उतरवली, कंबर आत घेतली, खालची कड आखूड केली. इथला दोरा वेगळा आहे आणि टाके लहान आहेत. हा हात दुसऱ्या कुणाचा तरी आहे. बहुतेक मुलीचा."

एका विश्वस्ताने विचारलं, की मग मूळ झगा कसा होता ते आता दिसतच नाही ना?

"चांगलं ऑल्टरेशन दिसत नाही," काकू म्हणाल्या. "म्हणून तर आमचं नाव कुठे नसतं. तुमच्याकडे नवरीचे पोशाख चौदा आहेत, एकेकदा घातलेले. फॅशन कशी बदलली ते त्यांना विचारून काय उपयोग? तेव्हा ते पेटीत होते."

मतं घेतली. तीन विरुद्ध दोन. झगा राहिला. लिंडाने तो खालच्या मजल्यावर, दारासमोरच, उलटा करून मांडला. शिवणी बाहेर, रेघा बाहेर, दोन रंगांचे दोरे बाहेर.

पहिल्याच आठवड्यात अभिप्रायाच्या वहीत कुणीतरी लिहिलं, की एक झगा चुकून उलटा घातला गेला आहे, कृपया सुलट करावा. पुढच्या आठवड्यात आणखी दोघांनी. लिंडा कानकोंडी झाली. काकूंनी मात्र चष्मा लावून तिन्ही तक्रारी सावकाश वाचल्या.

"म्हणजे दिसतंय," त्या म्हणाल्या. परत येताना गाडीत, आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून, त्यांनी हीटर लावू दिला नाही, आणि घर येईपर्यंत माझ्या बायकोच्या ब्लाउजांबद्दल भरभरून बोलत होत्या.

फेब्रुवारीत काकू गेल्या. झोपेतच. मार्चमध्ये एका शनिवारी दहा वाजता, दुसरं काही सुचेना म्हणून मी म्युझियममध्ये गेलो. लिंडा टेबलावर नव्या फॉर्मचा गठ्ठा सोडत होती. विश्वस्तांनी छापून घ्यायला सांगितले होते, आदल्या दिवशीच आले होते. तिने एक माझ्या हातात दिला. डॅमेजच्या खाली दोनच शब्द होते. कसर, डाग.

काकूंचं हे पाहणं तीन आठवड्यांनी हुकलं. मला त्याचं फार वाईट वाटतं.