तुळसाक्काची साक्ष

अन्याय झाला तो शोभावर. १९८४च्या जूनमध्ये, पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, निकालानंतरच्या पहिल्याच सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, कर्नाटकातल्या आमच्या कॉलेजच्या खिडकीवर. कारकुनानं तिच्या अर्जावर लाल शाईनं लिहिलं, 'परराज्य'. म्हणजे फी तिप्पट! गुन्हा काय? बाप मारुती उदगीरकडून येऊन आमच्या साखर कारखान्यात राबतो आणि वर्षानुवर्षं दर गळिताला त्याला नवं कार्ड मिळतं. त्यावर शिक्का, 'हंगामी'. हंगामी माणसाची पोरगी इथली कशी? सीमेपलीकडच्या उदगीरच्या कॉलेजनं आधीच हात झटकले होते. का, तर जन्म कर्नाटकातला!

गुरुवारी प्रवेश बंद होणार होते. नाही जमलं तर शोभाच्या हातात खुरपं येणार, हे मारुतीनं सांगून टाकलं होतं.

मी रात्रंदिवस पत्रकं काढणारा माणूस. एक ताजं पत्रक घेऊन शेजारच्या मेहकर गावी तुळसाक्काकडे धावलो. तुळसाक्का पंचक्रोशीची सुईण. माणूस भेटला की नाव विचारायची नाही. "तू पायाळू आलतास की रं!" म्हणायची, मग समोर सरपंच का असेना. बाळ जिथं जन्मेल तिथंच ती स्वतःच्या हातानं वार पुरायची आणि वर चपटा दगड ठेवायची. असे सगळे दगड तिला तोंडपाठ.

"तुजा कागुद वाचायलंय कोन, बाबा?" तिनं पत्रक बाजूला सारलं. "शोभी माज्या हातावर आली. तिच्या मायला माहेरच न्हाई, ती जाती कुठं? कारखान्याच्या झोपडीतच बाळतीन झाली. मागं बोरीखाली दगड हाय बघ. चल, सांगू त्यास्नी."

बुधवारी अक्का, शोभा आणि मी खिडकीवर. मागं ही लांबलचक रांग.

"जय भीम, सायेब. ही पोरगी इथली हाय."

"पुरावा काय, अक्का?"

"मी हाय की! मीच काढली तिला."

रांग हसली. कारकून चिडला. "तोंडी चालत नाही. बाप तात्पुरता, म्हणजे पोरगी बाहेरची."

"बरं. तू कुठला?"

"मी चिटगुप्प्याचा. सात पिढ्या तिथल्या."

"आन् माय?"

"उदगीरची."

"तू थोरला का धाकटा?"

"थोरला. का?"

"पहिलं बाळतपन. माय माहेरी गेली आसंल. व्हय का न्हाई?"

कारकुनानं टाक खाली ठेवला. "...व्हय."

"आगं माय! म्हंजी तू जन्मला उदगीरला, ही जन्मली इथं. मग कामून रं, तुज्या अर्जावर कुनी लाल शाई न्हाई लावली?"

काय गलका उठला! पोरं टाळ्या वाजवायला लागली. प्राचार्य बाहेर आले, तर अक्कानं त्यांनाही गाठलं, "सर, तुमी थोरले का?" सर ओठ दाबून हसले. खुर्ची मागवून त्यांनी तिला बसवलं, साक्ष लिहून घेतली, अंगठा घेतला आणि लाल अक्षरांवर काट मारून लिहिलं, 'स्थानिक'. शोभा तिथंच रडायला लागली.

अंगठ्याची शाई पदराला पुसत अक्का मला म्हणाली, "हंगामी ऊस आसतोय रं बाबा. लेकरू न्हाई."

आज शोभा शाळेत गणित शिकवते. तुळसाक्का गेल्या थंडीत गेली. तिच्याबरोबर सगळे दगडही गेले. नियम मात्र जागच्या जागी आहे! परवाच त्याच खिडकीवर आणखी एका हंगामी कामगाराची पोरगी लाल शाई घेऊन परतली. हे पत्रक वाचणाऱ्या गावकऱ्यांनो, तिच्या झोपडीपासून दहा पावलांवर तुमचं घर आहे. तिला रांगताना तुम्ही पाहिलंय. या गुरुवारी तिच्याबरोबर खिडकीवर चला आणि सांगा, ही इथली. तुळसाक्काला सही येत नव्हती. तुम्हाला येते. करा!