कंपनीच्या गेटावर फोडलेली सुपारी

आमचे हौसरावआप्पा गेले. घर कसं सुनं सुनं वाटतंय.

मांडवगणात कुणाची बी सोयरीक असू द्या, मधी आप्पाच. सदऱ्याच्या खिशात कायम सुपारी. जमलं की तिथंच दगडानं फोडायची, म्हंजी बोलणं पक्कं. आन् घरचाच नातू सत्यजीत मातर बिनलग्नाचा. कुरकुंभला केमिकल कंपनीत म्हणलं की पोरीवाले तोंड फिरवायचे.

वढूच्या पोपटरावांची पोरगी प्रगती तेवढी बापाबरूबर घर बघाया आली. आप्पांनी सकाळधरनं कितींदा पटका बांधला आन् सोडला! पण पुढच्या शिफ्टचा माणूसच आला न्हाई, सत्यजीत कंपनीतच अडकला.

पोपटराव म्हणले, "पोरगंच न्हाई, मग ह्ये पोहे कुणाच्या नावानं खायचे?" आन् उठलेच! त्यांना अजून एक ठिकाण बघायचं व्हतं. आप्पांना कळलं, हे गेलं की नातू तसाच ऱ्हातोय.

आप्पांनी पोहे डब्यात भरले. "पाव्हणं, गाडीत बसा. इस्त्रीच्या कापडात कुणीबी चांगलं दिसतंय. माझा नातू घामात बघा!"

सत्यजीत कंपनीच्या गेटावर आला. कपाळावर हेल्मेटचा वळ, अंगाला केमिकलचा वास. आप्पांनी डोळंच मिटलं.

प्रगतीनं इचारलं, "हा वास घरी बी येणार?"

"साबणानं जातोय. न्हाई गेला तर वट्यावर झोपीन."

"पावसात?"

"छत्री घीन."

पोरगी अशी हसली! पोपटराव म्हणले, "आप्पा, सुपारी हाय का नुसतं पोहेच आणलंत?"

आप्पांनी खिशात हात घातला. दगडावर सुपारी ठिवली, पहिला घाव हुकला, दुसऱ्याला फट्! टँकरवाले भैये वरडले, "शादी पक्की!" वॉचमननं शिट्टी मारली. पोहे समद्यांनी खाल्ले.

लग्नात अंतरपाट धरलेला, आन् आप्पा मधनंच वरडले, "सत्या, साबण लावला का रं?" पलीकडनं प्रगती म्हणती, "लावलाय आप्पा, हितवर वास येतोय!" मांडव हसून लोळला.

परवा आप्पांचे सदरे घडी घालताना खिशात अख्खी सुपारी निघाली. समद्यांच्या डोळ्यांला पाणी. प्रगतीनं ती पदराला बांधली, नाक पुसलं आन् मावशीला फोन लावला, "मावशे, ह्यांच्या कंपनीत पृथ्वीराज म्हणून एक पोरगं हाय. तुज्या सुलक्षणाला घिऊन ये. घरी नगं, गेटावरच ये."